फोटोंच्या पत्त्यातली तिरकी रेघ

बाबा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी त्यांचे फोटो पडद्यावर दाखवणार होते, तेही आपोआप, वर्षांच्या क्रमाने. नागपुरात डेटाबेस सांभाळायची नोकरी करते मी. एवढंही जमणार नाही? बाबा फुलचूरचे फोटोग्राफर. आईच्या डोळ्यांपुढून त्यांचा दवाखान्यातला, नळ्या लावलेला चेहरा हलत नव्हता. "जुना चेहरा दाखव बाई एकदा," एवढंच ती म्हणाली होती.

कोणता फोटो कुठल्या फोल्डरात आहे ते पत्ते डेटाबेसात भरायला घेतले, तशी ओळीओळीला सूचना येऊ लागली: अवतरणचिन्हांतली उलटी तिरकी रेघ मी खूण समजतो, रेघच हवी असेल तर दोनदा द्या. विंडोजच्या पत्त्यांत जिथे तिथे तीच रेघ. समाचाराला आलेल्या पाहुण्यांसारख्या सूचना, एक उठली की दुसरी बसलेली. त्या बंद करायची सोय असते. मी ती वापरली. घर एकदम शांत झालं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी भंतेजींची देसना, म्हणजे प्रवचन, संपली आणि मी बटण दाबलं. पडद्यावर नवरा-नवरी. पुढचा फोटो आला, तेच नवरा-नवरी! डेटाबेसाने सगळ्या रेघा गिळून पत्ते मोडले होते. फोटो सापडला नाही तर दाखवायला म्हणून चाचणीच्या वेळी मी कुठलासा लग्नाचा फोटो ठेवला होता, तो इमानेइतबारे येत होता.

"हा आपला गुलाबच होय ना?" रत्नपालकाकांनी विचारलं.

"पहिल्या लग्नातला," मागून कोणीतरी भर घातली.

गुलाबकाका दुसऱ्या बायकोशेजारी, म्हणजे अल्काकाकूंशेजारी, बसले होते. "काऊन दाखवून राहिली वं पोरी? बंद कर."

बंद होत नव्हतं.

"राहू दे," अल्काकाकू म्हणाल्या. "पाहू तं द्या. माह्या लग्नात एवढे हासले नोहते."

आईने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती.

सगळे गेल्यावर फोल्डर हातानेच उघडलं. बाबांचे स्वतःचे फोटो मोजकेच, आणि प्रत्येकात डावा डोळा मिटलेला. कॅमेरा कोणाच्याही हातात असो, समोर आला की स्वतः फोटो काढताना मिटायचा तसा त्यांचा तो डोळा मिटायचाच.

"एकही धड नाही गं," मी म्हटलं.

आई पडद्याजवळ गेली.

"धडच हाय," ती म्हणाली. "सरळ उभी राह्य. आपल्या दोघींचा फोटो काढून राहिले."