सातासमुद्रांपारचे कानपिळीचें वर्तमान

श्रीकुलस्वामिनी प्रसन्न, तिचे मागोमाग व्हिसाखातें प्रसन्न. शके एकोणीसशें सेहेचाळीस, ज्येष्ठ मास. संवत्सराचें नांव क्रोधी, परंतु क्रोधास कोणी विचारलें नाहीं ऐसा आनंद जो जाहला, तो स्वामींचे आज्ञेवरोन यथामति लिहिला जातो.

सुश्रुतपंत आणि इंद्रनीलराव, दोघे पुरुष, दोघांची सहा वर्षांची प्रीत. एके घरीं राहावें, वांग्याचे भरतावरोन भांडावें आणि लागलीच गोड व्हावें, ऐसा संसार यथास्थित चालला होता. परंतु स्वराज्यीं दोघां नवरदेवांचे लग्नास कायदा नाहीं. मग मसलत जाहली कीं, जेथें कायदा आहे ऐसे मुलुखीं चाल करोन जावें आणि शिक्कामोर्तब करोन यावें. मग शेरवान्या, मुंडावळ्या आणि अक्षता बांधोन घेतल्या, आणि संगें इंद्रनीलरावांचे वडील बंधू रणधीरराव सांगलीकर, ट्रॅक्टरांचे व्यापारी, भारी मिशांचे, तेही निघाले. आईबाप कैलासवासी, सबब घरांत यांचाच शब्द. आणि तो शब्दच बाहेर पडेना. होय म्हणेनात, नको म्हणेनात. विमानीं शेजारील बाईंनीं पुसलें, "कुठं निघालात?" तेव्हां वदले, "असंच, फिरायला." परमुलुखींचे नाक्यावर अंमलदारानें पुसलें, तेथेंही "फिरायला." दर वेळीं सुश्रुतपंत खट्टू होत. कायदा नवरा देईल, परंतु या मिशांनीं आपलें म्हटलें तरच लग्न लागलें, ऐसें त्यांचे मनीं बसलें होतें. त्या आशेवर, कोणास न कळतां, मेहुण्याचे मानाचा एक फेटा त्यांनीं पिशवीचे तळाशीं दडविला होता.

मग लग्नाचा दिवस उगवला आणि दोघे नवरदेव मुंडावळ्या बांधोन ट्राममध्यें चढले, आणि अवघ्या ट्रामेनें टाळ्या पिटल्या, आणि एका म्हातारबाईनें हातांतील गाजरांची जुडीच आहेर म्हणोन दिली. ऐसे वाजतगाजत कचेरीस दाखल जाहले. तेथें अंमलदारीण बाई, उंच, कायद्यास कडक. त्यांनीं विचारिलें कीं, आपण स्वखुशीनें लग्न करतां, कोणाची जबरदस्ती नाहीं ना? इंद्रनीलराव म्हणाले, नाहीं. मग पंतांनीं तोंड उघडावें तों खुर्ची सरकली, आणि रणधीरराव तरातरा चालोन आले, आणि पंतांचा उजवा कान धरोन ऐसा पिळला कीं पंत चवड्यांवर उभे राहिले. वधू नव्हती, परंतु भाऊ होता, आणि भावानें आपला हक्क बजावला!

"आमच्या धाकट्याला नीट नांदवायचं. काय? न्हाईतर दुसरा कान हायेच."

पंतांचे डोळ्यांस धारा लागल्या. बाई पाहतात तों नवरदेव रडतो आहे आणि मिशाळ गृहस्थ कान सोडीत नाहीं. मग लेखणी खालीं ठेविली, लग्न थांबविलें आणि पहारेकरी बोलाविले. इंद्रनीलरावांनीं समजावून सांगावें, तर ते हसतां हसतां टेबलाखालीं गेलेले. मग पंत बाईंचे भाषेंत ओरडले कीं, जबरदस्ती कसली, हा कान सहा वर्षें याचीच वाट पाहत होता! बाईंस उमज पडेना. त्या म्हणाल्या, हे गृहस्थ आपले कोण, तें त्यांनींच सांगावें. रणधीररावांस ती भाषा येईना, सबब तो सवाल पंतांसच करणें आला, तोही कान त्यांचे मुठींत असतां.

"दादा, त्या विचारतायत... तुम्ही माझे कोण?"

फिरायला आलों म्हणतील तर पहारेकरी बाहेर काढतील आणि लग्न बुडेल, ऐसें भय पंतांस पडलें. रणधीररावांनीं मोकळा हात मिशीवरोन फिरविला.

"मेव्हणा. सांगा बाईंना, मेव्हणा हाय मी ह्यांचा. आणि माझ्या मानाचं काय आणलंय ते काढा आधी."

मग पंतांनीं पिशवी उलथी केली, आणि अक्षता सांडल्या, गाजरें सांडलीं, आणि फेटा निघाला. पंतांनीं मेहुण्याचे कानपिळीची रीत सांगितली, तेव्हां बाईंस अर्थ कळला आणि त्या ऐशा हसल्या कीं शिक्का वांकडा उमटला. पहारेकऱ्यांनीं अक्षता टाकिल्या.

तात्पर्य, कान लाल जाहला आणि लग्न कायम जाहलें. परतोन स्वराज्यीं विमान उतरलें तेव्हां नाक्यावरील अंमलदारानें रणधीररावांस पुसलें, "कुठं गेला होता?" रणधीररावांनीं डोईवरील फेटा सारखा केला आणि मागील रांगेसही ऐकूं जाईल ऐसे आवाजानें सांगितलें, "भावाच्या लग्नाला."