अभ्र्यातली रेकॉर्ड

शनिवारी दुपारी थर्मन गेन्स एल्सवर्थ टिब्जच्या तळघराच्या पायऱ्या उतरला तेव्हा त्याच्या काखेत निळ्या फुलांचा उशीचा अभ्रा होता, आणि अभ्र्यात त्याच्या आयुष्यातला एकुलता एक पराक्रम होता.

अभ्रा पाहून कुणाला नवल वाटलं नाही, कारण तो तिथला नियमच होता. जर्मनटाउनमधल्या त्या तळघरात दर शनिवारी तीन म्हातारे जॅझ ऐकायला जमत. ज्याची पाळी असेल त्याने घरून रेकॉर्ड आणायची, ती अभ्र्यात लपवून आणि लेबलवर कागद चिकटवून. बाकीच्या दोघांनी नुसत्या कानांनी वाजवणारा ओळखायचा. ओळखला की डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवायची, पण रेकॉर्ड संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. रेकॉर्ड आणणाऱ्याने मात्र टोपीला हात लावायचा नाही. चुकेल त्याने पुढच्या शनिवारी सगळ्यांसाठी तळलेले मासे आणायचे.

एल्सवर्थवर मासे आणायची वेळ कित्येक वर्षांत आली नव्हती. जन्मभर बसगाड्यांच्या इंजिनांना कान लावून बसलेला हा माणूस, दोन सूर ऐकून वाजवणाऱ्याचं नाव सांगायचा. डीकन प्रुइट नेहमी चुकायचा. पण चर्चमधलं बडं प्रस्थ असल्यामुळे चुकायचा तोही ठासून. रेकॉर्डिंगचं साल सांगायचा, स्टुडिओ सांगायचा, आणि त्या वेळी वाजवणाऱ्याचं कुठल्या बायकोशी बिनसलं होतं तेही सांगायचा. मासेवाला त्याला नावाने हाक मारत असे.

राहिला थर्मन. पोस्टातून निवृत्त झालेला, अबोल माणूस. सैन्याचं बोलावणं येण्याआधी आपण टेनर सॅक्सोफोन वाजवायचो, हे त्याने या दोघांना कधी सांगितलं नव्हतं. एका छोट्या बँडबरोबर त्याने एकच रेकॉर्ड केली होती. पुढे ती कंपनी बुडाली, रेकॉर्ड बाजारात आलीच नाही, आणि नमुन्याची म्हणून हाती आलेली एक तबकडी पलंगाखाली गेली. मग लग्न, मुलं, पोस्ट. सॅक्सोफोन विकून झाला. पण आपण खरंच कुणी होतो की नुसतेच फुंकत होतो, हा प्रश्न काही विकला जाईना. बायकोला विचारण्यात अर्थ नव्हता. ती "छानच आहे" म्हणायची, आणि शेजारणीच्या पडद्यांनाही ती तेच म्हणाली होती. एल्सवर्थला सांगून ऐकवावी, तर मित्राचं वाजवणं कोणी खरं ऐकत नाही, सगळे माना डोलावतात. खरा निवाडा हवा असेल तर अभ्राच हवा. एवढं ठरवायला त्याला निम्मं म्हातारपण लागलं.

रेकॉर्डवर टेनर वाजवणारे दोघं होते. आधी थर्मन, मग क्लीओ यान्सी, असं ठरलेलं. पहिला अगदी घोटीव, एक सूर इकडचा तिकडे नाही. दुसरा खरखरीत, उशिरा येणारा, बोलता बोलता वाक्य अर्धं सोडून देणारा. घरी ऐकताना दुसऱ्याचा भाग आला की थर्मन सुई उचलून ठेवायचा. आज मात्र त्याला पूर्ण ऐकावं लागणार होतं.

सुई टेकली. एल्सवर्थने डोळे मिटले. पहिला टेनर सुरू झाला. थर्मन एल्सवर्थच्या टोपीकडे असा बघत होता, की बघणाऱ्याला वाटावं हा टोपीच विकत घेणार आहे. टोपी हलली नाही. पहिला संपला. मग थोडा वेळ नुसते ड्रम वाजले, आणि दुसरा आला. एल्सवर्थचा हात टोपीकडे गेला, टोपी डोक्यावरून निघाली, पण गुडघ्यावर काही पोचली नाही. रेकॉर्ड संपली तरी ती त्याच्या हातात अधांतरीच होती.

"डेक्स्टर गॉर्डन," डीकन म्हणाला. "दुसरा. तेव्हा त्याचं बायकोशी..."

"डेक्स्टर नाही," एल्सवर्थ म्हणाला. "डेक्स्टर तालाच्या मागे राहतो तो मजेत, हात खिशात घालून. हा मागे राहतो ते विचारात पडून."

"मग बेन वेब्स्टर. सूर संपल्यावर श्वास ऐकू येतो बघ."

"बेनचा श्वास निवांत असतो रे. हा घाबरलेला आहे. घाबरलाय आणि तरी वाजवतोय." एल्सवर्थ टोपीकडे बघत बसला. "मला ओळखू येत नाही. पण पुन्हा कुठेही ऐकला तर हजारांत ओळखेन."

"आणि पहिला?" थर्मनने शक्य तितक्या सहज विचारलं.

"कोण पहिला?"

"आधी वाजवतो तो."

"हां, तो. चांगलाय. असले तेव्हा गल्लोगल्ली होते. सगळं पाठ केलंय पोराने. घर झाडून-पुसून लख्ख आहे, पण घरात कोणी राहत नाही."

थर्मनने हातातला ग्लास जपून खाली ठेवला. चाळीस वर्षांचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर इतकं थोडक्यात.

"पण दुसरा," एल्सवर्थ पुढे म्हणाला, "सुरू करायच्या आधी किती थांबला ते ऐकलंस? हिंमत लागते त्याला. बाकीची पोरं मोकळी जागा दिसली की घुसतात. हा आधी दारात उभा राहून खोली बघून घेतो."

"कसली हिंमत," थर्मन म्हणाला. एरवी तो एवढं बोलत नसे. "विसरला असेल. नाहीतर पिऊन आला असेल. सूर तरी धड लागलाय का त्याचा? माझ्या हातात असतं तर मी त्याला दारातूनच परत पाठवला असता."

"तुझ्या ओळखीचा आहे का?"

"मी कशाला ओळखू त्याला? जुन्या सामानाच्या विक्रीत मिळाली. लेबल कोरं आहे."

"मग राहू दे ही माझ्याकडे," असं म्हणून एल्सवर्थने रेकॉर्ड अभ्र्यासकट आपल्या कपाटात ठेवली. "मी शोधून काढतो त्याला."

थर्मनला वाटलं, म्हातारा दोन दिवसांत विसरेल. पण एल्सवर्थ ती रेकॉर्ड सकाळच्या कॉफीबरोबर वाजवू लागला. बुधवारी त्याचा फोन आला.

"थर्मन, दुसरा नाही सापडला, पण ड्रमवाला सापडला. त्याच्या मोठ्या झांजेत एक खीळ सैल आहे, बारीक चुरचुरते. ती झांज मी रिज अव्हेन्यूवर ऐकलेली आहे. ओथा बीझली. अजून जिवंत आहे, रविवारी चर्चमध्ये वाजवतो. शनिवारी बोलावलंय त्याला. तो सांगेल दुसरा कोण ते."

थर्मनने फोन ठेवला. दुसरा कोण ते ओथा सांगणारच, पण पहिला कोण तेही सांगणार. म्हणजे ते रिकामं घर कुणाचं, हे एल्सवर्थला कळणार, डीकनला कळणार, आणि डीकनला कळलं की अख्ख्या चर्चला कळणार. तो तडक ओथाकडे गेला. तिकडे बर्फ पडायची चिन्हं आहेत, तळघराच्या पायऱ्या वाईट आहेत, तू या वयात कशाला तडमडतोस, असं त्याने परोपरीने सांगून पाहिलं.

"तू असणार आहेस का तिथे?" ओथाने विचारलं.

"मी? मी असतोच."

"मग तर येतोच. किती दिवसांनी भेटतोयस."

राहिली रेकॉर्ड. ओथाला थोपवता येत नसेल तर निदान ती तरी उचलावी, म्हणून एल्सवर्थ न्हाव्याकडे गेलेला असताना थर्मन त्याच्या दारात उभा राहिला. दार एल्सवर्थच्या बायकोने, व्हर्डेलने उघडलं.

"सिस्टर व्हर्डेल," चर्चमधल्या रीतीने तिला बहीण म्हणत तो म्हणाला, "तो माझा निळ्या फुलांचा अभ्रा हवा होता. जोड मोडलाय, बायको ओरडतेय."

"अगंबाई, तेवढ्यासाठी आलास?" असं म्हणत ती आत गेली आणि अभ्रा घेऊन आली. अभ्रा धुतलेला होता, इस्त्री केलेला होता आणि चौकोनी घडीचा होता.

"आणि आतलं?"

"आतलं मी कशाला धुऊ? ती एल्सवर्थच्या कपाटात आहे आणि किल्ली त्याच्या खिशात आहे. त्या दुसऱ्या माणसाने माझं घर डोक्यावर घेतलंय. काल जेवताना मला विचारतो, एवढा एकटा का वाटतो गं हा? मी म्हटलं, मासे गरम आहेत तोवर खा." मग तिने थर्मनकडे नीट बघितलं. "तुला बरं नाही का? तोंड का असं उतरलंय?"

"मला काय होतंय," असं म्हणून थर्मन तो कडक इस्त्रीचा अभ्रा घेऊन घरी गेला. बायकोने विचारलं, याला इस्त्री कुणी केली? तो उशी शोधायला आत गेला.

शनिवार उजाडला. ओथा बीझली काठी टेकत, एकेका पायरीला थांबत खाली उतरला. डीकनने मासे आणले होते, व्हर्डेलने पाव आणि तिखट सॉस आणून ठेवला आणि तीही खुर्ची ओढून बसली, कारण तिला त्या दुसऱ्याचा एकदाचा निकाल लावून हवा होता. एल्सवर्थने खिशातून किल्ली काढली. थर्मनला वाटलं, दुसऱ्याच्या तोंडून बाहेर येण्यापेक्षा आपणच बोललेलं बरं. तो उभा राहिला. टोपी डोक्यावरच होती.

"वाजवायच्या आधी एक सांगतो. रेकॉर्ड विक्रीतली नाही. माझी आहे. तिच्यात मी वाजवलंय. पहिला मी." त्याने एल्सवर्थकडे बघितलं. "ते झाडून-पुसून लख्ख घर आहे ना, ते माझं."

एल्सवर्थचा चेहरा पार पडला.

"थर्मन, अरे, मला माहीत असतं तर मी असं..."

"म्हणूनच सांगितलं नव्हतं. मला खरं ऐकायचं होतं. ऐकलं. वाईट वाटलं, पण ऐकलं."

ओथा इतका वेळ माशातला काटा काढत होता. तो काढून त्याने ताटलीच्या कडेला ठेवला. "तू पहिला कुठला?" तो म्हणाला. "पहिला क्लीओ."

"ओथा, तुला आठवत नाही. आधी मी, मग क्लीओ, असंच ठरलं होतं."

"ठरलं होतं. पहिल्या खेपेला वाजवलंही तसंच. मग तुझी रीड फाटली, सॅक्सोफोनच्या तोंडाशी असते ती बोरूची पट्टी. दुसऱ्या खेपेला तू कोपऱ्यात नवी रीड बसवत होतास, म्हणून क्लीओला आधी घेतलं. त्याचं संपलं तरी तुझं बसवणं चालूच. कंपनीचा मालक काचेतून माझ्याकडे हातवारे करतोय, मी एकटा ड्रम बडवत बसलोय. घाम फुटला होता मला. तबकडीवर घातली ती ही दुसरी खेप."

"म्हणजे तो थांबला ते...?" डीकनने एल्सवर्थकडे बघितलं. "ती हिंमत?"

"रीड," ओथा म्हणाला.

डीकनला इतकं हसू लोटलं की व्हर्डेलला त्याची पाठ थोपटावी लागली. कित्येक वर्षांत एल्सवर्थ पहिल्यांदाच चुकला होता. थर्मन मात्र हटायला तयार नव्हता.

"मला माझं स्वतःचं वाजवणं कळत नाही का?"

"नाही कळत," एल्सवर्थ म्हणाला. "कुणालाच नाही कळत. तुझ्या घरच्या फोनच्या मशीनवर तुझाच निरोप ऐकून तू काय म्हणालास? हा शेंबडा कोण आपल्या घरात? सॅक्सोफोन तुझ्या तोंडात होता, थर्मन. तुला तो हाडांतून ऐकू यायचा. समोर काय पोचतंय ते तुला कसं कळणार? आणि घरी तरी ऐकायचास का तो दुसरा?"

"सुई उचलायचो," थर्मन हळूच म्हणाला.

"आणि काय काय बोललास त्याच्याबद्दल," डीकन डोळे पुसत म्हणाला. "पिऊन आला होता. सूर लागला नव्हता. दारातूनच परत पाठवला असता."

"पाठवलाच की," थर्मन म्हणाला आणि खुर्चीत बसला. "तेव्हाच पाठवला."

व्हर्डेलने त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. "पुढच्या शनिवारी मासे थर्मन आणणार. स्वतःच्याच रेकॉर्डवर चुकलाय."

"एल्सवर्थही चुकलाय," डीकन म्हणाला. "त्या थांबण्याचं केवढं कौतुक चाललं होतं आठवडाभर. निघाली काय, तर रीड."

"थांबला तो रीडमुळे, मान्य," एल्सवर्थ म्हणाला. त्याने थर्मनकडे बघितलं. "पण थांबल्यावर जो सूर लावला तो कुणी लावला? रीडने?"

त्याने रेकॉर्ड लावली आणि सुई टेकवली. क्लीओ वाजवू लागला, नीटनेटका, सगळं जिथल्या तिथे. ओथाने गुडघ्यावर बोटांनी ताल धरला. क्लीओचं संपलं, ड्रम एकटे उरले, आणि थर्मनचा हात सवयीने सुईकडे गेला. एल्सवर्थने त्याचं मनगट धरून हात खाली ठेवला.

मग तो दुसरा आला. उशिरा, खरखरीत, घाबरलेला. एक वाक्य अर्धं सोडलं, पुन्हा धरलं, पुन्हा सोडलं. थर्मन मान खाली घालून ऐकत होता. आवाज परका होता, पण ती सोडून देण्याची खोड त्याच्या ओळखीची होती. बायकोशी भांडतानाही तो तसाच अर्ध्यात गप्प व्हायचा. बऱ्याच वेळाने त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

"रेकॉर्ड आणणाऱ्याने टोपी काढायची नसते," डीकन कुजबुजला.

"गप्प बैस," एल्सवर्थ म्हणाला. "अजून संपली नाहीये."