तात्यांचे आडवे-उभे शब्द

मालवणात बंदराकडे उतरणाऱ्या आमच्या गल्लीतून कुणालाही सुखासुखी जाता येत नसे. तात्यांच्या दगडी गडग्यापाशी आलात की एक कोडं गळ्यात पडायचंच. मासे विकणारी सखू असो, पोस्टमन असो, नाहीतर देवळात निघालेले भटजी असोत. ओसरीवरच्या आरामखुर्चीतून, डोळे न उघडताच हाक यायची, "गो सखू, वायच थांब. आडवो सात. चार घरां."

"तात्यानू, माझे बांगडे कुसतत हंय!"

"कुसांदेत. शब्द कुसणत नाय."

मी कुडाळहून बदली होऊन आलेला शाळामास्तर. माझं बिऱ्हाड तात्यांच्या शेजारीच. तेव्हा मुंबईचा पेपर बोटीने यायचा, चांगला शिळा होऊन. पावसाळ्यात बोट बंद झाली की कसालवरून एस्टीने यायचा, म्हणजे आणखी शिळा. त्यातलं रविवारचं शब्दकोडं तात्या आठवडाभर पुरवून पुरवून खात. मी मुळात उतावळा माणूस. एकदा म्हणालो, "तात्या, एवढं कोडं मी चहा पिता पिता सोडवलं असतं."

"मगे चायेची चव गेली मा तुमच्या," तात्या म्हणाले. बोला आता!

कोडं समजावण्याची त्यांची रीत होती. "शब्द म्हणजे मासळी, मास्तर. डोक्या काढून बघा, शेपूट काढून बघा, मगे कळता खयचो मासो तो." असं म्हणत हवेत सुरी चालवल्यासारखा हात फिरवायचे. आवाज तर असा, की माडावरचे कावळे उडावेत. पण उत्तर? नाव नको! अगदी ओठांवर आणून सोडून देत आणि समोर बघत बसत. माडांच्या फटींतून बंदराचं पाणी लखलखत असे, होड्यांची शिडं एकेक करून उतरत, आणि आपण बसलोय की उठून गेलो याचा तात्यांना पत्ता नसे. बघता बघता मलाही झापड यायची.

एका संध्याकाळी मात्र माझा धीर सुटला. तात्या सखूला समजावत होते, "शेपूट काढलंस तर बायलमाणूस. अख्खो तर माडार." आता काय म्हणावं! सगळा गाव माडांत उभा आणि हिला येईना!

"नारळ! अहो नारळ!" मी ओरडलो.

तात्यांनी डोळे उघडले. "तुमका कोणी इचारल्यान?" म्हणाले आणि उठून आत गेले. दार लागलं.

सखूने पाटी खाली ठेवली आणि माझ्यावर उखडली. "मास्तर, त्या खिडकीत माई असतत, तुमका दिसणत नाय?"

माई म्हणजे तात्यांची बायको. शिमग्याच्या सुमारास त्यांच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून वाचा गेलेली. खाट ओसरीकडच्या खिडकीशी. हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते सखूने सांगितलं. पूर्वी तात्या ओसरीवर कोडं वाचत आणि माई चुलीपाशी बसून उत्तर देत. तात्यांना स्वतःला म्हणे धड एक येत नव्हतं!

"डॉक्टर सांगतत, बोलतली, पण बोलता करूक होया. थेट इचारल्यानी की माई रडतत, भिंतीकडे तोंड करतत. म्हणान तात्या माका इचारतत. आमका सगळ्यांका उत्तर येता, मास्तर. पण ता माईंच्या तोंडातसून येवक होया."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी गडग्यापाशी जाऊन उभा राहिलो. "तात्या, ते आडवं चार मला काही सुटेना. जरा समजावता?"

तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "खोटा बोलूक बरा येता तुमका. बसा."

मग मीही त्या मठ्ठांच्या वर्गात बसू लागलो. भटजी, पोस्टमन, सखू आणि मी, कुणालाच काही म्हणजे काही येत नसे. मला शाळेत इतका मान कधी मिळाला नाही, जेवढा तिथे "माका येणा नाय" म्हणताना मिळाला.

थंडीतली संध्याकाळ होती. वारा पडलेला, पाणी निवांत. तात्यांनी वाचलं, "उभो तीन. तीन घरां. डोक्या काढलंस तर आंब्यात, शेपूट काढलंस तर रानात. अख्खो तर आपल्या दारासमोर."

सागर! डोकं गेलं की गर, शेपूट गेली की साग. मी जीभ चावून बसलो.

"माका काय येणा नाय," सखू म्हणाली. भटजींनी मान हलवली. तात्या थांबले. नेहमीसारखेच, पण मला वाटलं, जरा जास्तच वेळ.

आत खाट करकरली. मग घशात अडकून अडकून आवाज आला, "द… दर्या."

सखूने पदर तोंडाला लावला. तात्यांच्या हातातली पेन्सिल घरंगळत गेली, ती मी उचलून दिली. कागद फाटेल इतकी दाबून त्यांनी अक्षरं लिहिली. माझी मास्तरकी कुठे गप्प बसते! बोलून गेलो, "तात्या, पण घरं तीन आहेत. एक रिकामं राहिलं."

तात्यांच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं. त्यांनी ते पुसलंदेखील नाही.

"ऱ्हवांदे," ते म्हणाले. "पेपरवाल्यांनी एक घर जास्त छापल्यानी."