एक लिटर भीड

मास्तर लेकीकडे चार दिवसांसाठी आले, त्याला आता तीन महिने होत आले होते. दर रविवारी ते बॅग भरत. जावईबापू म्हणत, "अहो, राहा की बाबा, कसली घाई आहे?" जावयाचा शब्द मोडायचा कसा, म्हणून मास्तर बॅग पुन्हा रिकामी करत. पानावरही तीच तऱ्हा. लेक वाढतच राही आणि यांच्या तोंडून 'पुरे' काही फुटत नसे. भीड भिकेची बहीण म्हणतात. मास्तरांच्या बाबतीत ती पोटदुखीची आई निघाली. कुठल्याच गोळीनं उतार पडेना.

"लहान आतडं नीट हलतंय का, ते एमआरआयवर बघू," डॉक्टर म्हणाले. "चक्क सिनेमा दिसतो आतड्याचा. हलत नसेल, तर मात्र पोट उघडावं लागेल."

तेव्हापासून मास्तरांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. तपासणीच्या दिवशी सकाळी ते उपाशीपोटी जावयाबरोबर दवाखान्यात पोहोचले. लेक मागून येणार होती. तंत्रज्ञ बाईंनी लिटरभर पाण्याचा एक भलामोठा जग आणून ठेवला. "औषधी पाणी आहे. सावकाश घ्या, पण जग रिकामा झाला पाहिजे," एवढं सांगून त्या घाईघाईनं आत गेल्या.

मास्तरांनी पेला भरला आणि त्यांचा हात अडखळला. जावई समोर कोरडा बसलाय आणि आपण एकटेच ढोसायचं? त्यांनी पेला पुढे केला. "घ्या, जावईबापू."

"छे छे! औषध आहे ते तुमचं."

"माझ्या हातचं चालत नाही म्हणा की."

यावर कुठला जावई काय बोलणार? त्यानं पेला घशाखाली ओतला आणि सभ्यपणे म्हणाला, "छान गोड आहे हो!" जावयाला आवडलं म्हटल्यावर मास्तरांनी दुसरा पेला भरला. एवढं सगळं सासऱ्यांना एकट्याला कसं संपणार, म्हणून जावयानं तोही घेतला. असं निम्मं निम्मं करत जग रिकामा झाला, तेव्हा दोघांनाही आपण मोठं पुण्य केल्यासारखं वाटत होतं.

मास्तर यंत्रात पालथे झोपले. कानात बाईंचा आवाज आला, "श्वास रोखा." मास्तरांनी इतक्या इमानानं रोखला की "सोडा" दोनदा सांगावं लागलं. पण पडद्यावर आतडं पिळून ठेवलेल्या फडक्यासारखं पडून होतं. तिकडे जावयाचं आतडं मात्र कुठल्याही यंत्राशिवाय आपली हालचाल दाखवू लागलं होतं. तो शौचालयात गेला तो गेलाच. मास्तर यंत्रातून बाहेर आले, तरी आतून त्याचं कण्हणंच ऐकू येत होतं.

डॉक्टरांनी मास्तरांना खोलीत बोलावलं. लेकही येऊन पोहोचली होती.

"सगळं प्यायलात ना?"

"जग रिकामा आहे," मास्तर म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"एवढं पिऊनही आतडं ढिम्म! मग आता ऑपरेशनचा विचार करावा लागेल."

मास्तर पेचात पडले. खरं सांगावं, तर जावयाला जुलाबाचं पाणी पाजल्याचं लेकीसमोर कबूल करावं लागणार. शिवाय तो आत्ता कुठे आहे, तेही सांगावं लागणार. जावयाची अब्रू मोठी की आपलं पोट?

"कापा," ते म्हणाले.

एवढ्यात दार धाडकन उघडलं. दाराबाहेरून ते ऐकलेला जावई एका हातानं पँट सावरत आत घुसला. "अहो, कापू नका! यांचं अर्धं औषध माझ्या पोटात होतं!"

"होतं?" लेकीनं विचारलं.

"आता नाही," जावई म्हणाला आणि आल्या पावली परत पळाला.

मास्तरांना नवा जग मिळाला. या वेळी बाई समोर खुर्ची टाकून बसल्या. दुसऱ्या सिनेमात आतडं असं काही वळवळत होतं की डॉक्टर खूश झाले.

"आतडं ठणठणीत आहे! तुमचा आजार एवढाच, की तुम्हाला नको म्हणता येत नाही. आजपासून म्हणायला शिका."

लेकीनं डोळे पुसले. "चला बाबा, आता महिनाभर माझ्याकडेच विश्रांती घ्या."

मास्तरांनी डोळे मिटले, सगळा धीर गोळा केला आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "नको."

लेक थक्क झाली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, तुम्ही तरी सांगा ना त्यांना!"

जावई भिंतीला टेकून उभा होता. चेहरा पांढराफटक, पायांत त्राण नाही. पण सासऱ्यांचा तो शब्द ऐकताच तो ताठ झाला.

"मी गाडी काढतो," तो म्हणाला.