कासुर्डीच्या अठ्ठावीस वाफ्यांची फत्ते

ही हकीकत कागदावर उतरवूच नये, असे लिहिणाराने जवळजवळ ठरविलेच होते. कारण की, जुन्या राजेरजवाड्यांविषयी काही लिहावे तर ते उठून जाब विचारीत नाहीत. येथे मात्र ज्यांची कीर्ती गावी ते दोघेही वीर हयात, धडधाकट, रोज पारावर भेटणारे, आणि दोघांचेही हात कबड्डीने तयार झालेले. परंतु यवतच्या बाजारात लोक काहीबाही बोलू लागले, कोणी म्हणे कासुर्डीकरांनी सामना सोडला, कोणी म्हणे खंडू पळाला, आणि ते खोटे एसटीत बसून पार शिरुरास पोहोचले. मग म्हटले, झाले ते झाले तसे लिहावे, आणि मार पडलाच तर खावा.

शके अठराशे शहाण्णव, आनंदनाम संवत्सर, माघ मास, इंग्रजी सन एकोणीसशे पंच्याहत्तर. ते समयी भीमा नदीच्या अलीकडे-पलीकडे शिरूर-दौंड कबड्डी साखळी नामे बादशाही नांदत होती. बारा गावांच्या बारा फौजा, प्रत्येकीची प्रत्येकीशी लढाई, आणि अखेरीस जी फौज वरचढ ठरेल तीस पितळी ढाल. ही ढाल कासुर्डीने सात वर्षे पाहिली ती दुसऱ्याच्याच हातात पाहिली. त्या साली मात्र कासुर्डीने यवत मारिले, आणखी नऊ गावे लोळविली, आणि मग अखेरची लढाई कोरेगाव भीमाशी, आयतवारी दुपारी चारास, खुद्द कासुर्डीच्या मैदानात, ऐसा योग जुळोन आला.

कासुर्डीचे सेनापती राजश्री ज्ञानदेव, वय बावीस, एरवी पिठाची गिरणी चालवीत, म्हणोन भुवया बारमाही पांढऱ्या. त्यांचा जिवाचा दोस्त खंडू. खंडूने चढाईस जावे आणि दोन-तीन गनीम बाद करोन हसत परत यावे, ही त्याची रोजची रीत. सेनापतीचा भरवसा आधी खंडूवर आणि मग देवावर.

परंतु मैदान म्हणजे निव्वळ मुरूम. गडी पडला की गुडघा सोलला. तेव्हा बुधवारी सेनापतीने फर्मान सोडिले की, खंडू, मैदान भिजवून घे, कसंबी कर. या 'कसंबी कर' शब्दांनी पुढे काय अनर्थ केला, तो ऐकावा.

त्या मुलखात पाटाचे पाणी पंधरा दिवसांनी येते, आणि चारीवरच्या, म्हणजे पाटातून फुटलेल्या लहान कालव्यावरच्या, प्रत्येक शेताचे तास ठरलेले असतात. त्यास पाळी म्हणतात. आपल्या पाळीत आपले पाणी. दुसऱ्याच्या पाळीत हात घालणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणे. बेस्तरवारी सकाळी आठ ते अकरा ही पाळी साळूबाईची. बौद्धवस्तीच्या खाली, चारीच्या अगदी शेवटाला तिचे दहा गुंठे, त्यात अठ्ठावीस वाफे कांदा, लावून तीन दिवस झालेला. शेवटाला पाणी आधीच बारीक पोचते. खंडूने चारीत दगड टाकिला, वर दोन पोती चिखल थापिला, आणि साळूबाईचे सगळे पाणी मैदानात सोडिले.

नऊ वाजता ज्ञानदेव रोलर घेऊन आले. त्यांनी ओले मैदान पाहिले, चारीतला दगड पाहिला, खाली कोरडी पडलेली चारी पाहिली. सगळे उमगले. आणि मग त्यांनी रोलरची दांडी धरिली आणि मैदान दाबून घेतले. हे लिहिताना वाईट वाटते, पण ते तसेच झाले.

साळूबाई आधी गावचे वडीलधारे तात्याबा यांचेकडे गेली. तात्याबांचा निवाडा असा की, पोरं ढाल आणत्यात, तू दम धर, पंधरा दिसांनी पाळी येतीच की. त्यावर साळूबाई बोलिली की, "तात्या, पंधरा दिस तुमी पान्यावाचून बसा, मंग मी कांद्याला समजावते." आणि तशीच एसटीत बसून यवतेस गेली. तेथे साखळीचे सरपंच, म्हणजे सगळ्या पंचांचे मुख्य, सावळाराम मास्तर, शाळेवर नोकरीस. त्यांचे टेबलावर तिने मान टाकलेल्या रोपांची मूठ ठेविली. मास्तरांनी ती मूठ पाहिली आणि शनिवारी कासुर्डीच्या शाळेच्या ओट्यावर दरबार भरविला.

दरबारात कैफियती गुदरल्या. तात्याबा म्हणाले, साखळीच्या वहीत पहिलेच कलम आहे की, बाहेरची भांडणे मैदानात आणू नयेत. चारीचा कज्जा चारीवर मिटवावा. यावर कोरेगावचे सेनापती दगडोबा गर्जले की, चोर तो चोर, मैदानात काय आणि मळ्यात काय. खंडूस जन्मभर बाद करावे, उद्यापासूनच करावे! उद्याच लढाई होती, हे त्यांच्या ध्यानात नसावे असे कोणास वाटले नाही.

मास्तरांनी चष्मा पुसला. "दगडोबाराव, मागल्या साली तुमच्या संघातल्या बहाद्दरांनी शिरूरच्या स्टँडावर घंटीची दोरी दोनदा ओढली. गाडी सुटली, वीस माणसं खाली राहिली, त्यांत एक बाळंतीण. तो कायदा त्यांना बी लावू?"

दगडोबांचा आवाज खाली आला. "जन्मभर म्हंजी... तसं न्हाई. पोरंच हायती, मास्तर."

मग खंडूस पुसले. खंडूने जबानी दिली की, पाणी आपोआप वळले, उंदराने बांध फोडला असेल.

"उंदरानं?" साळूबाई उठून उभी राहिली. "आन् उंदरानं चारीत दगूड टाकला व्हय रं मुडद्या? तुझ्यावानी पैलवान उंदीर हाय का कासुर्डीत?"

ओटा हसला. परंतु साक्षीदार कोणी नव्हता, आणि साक्षीवाचून मास्तर निवाडा देईनात. कज्जा खारीज होण्याच्या बेतात आला. ज्ञानदेव खांबाला टेकून बसले होते. बोलावे तर दोस्त गेला आणि ढालही गेली. न बोलावे तर उद्या त्या मऊ मातीवर पाय टेकवायचा, आणि ती कोणाच्या पाण्याने मऊ झाली हे पायाला ठाऊक. मग ते उठले.

"मास्तर, दगूड खंडूनं टाकला. मी पाह्यलाय. पन मैदान भिजव, कसंबी कर, हे मी म्हनलो हुतो. आन् दगूड बघून बी मी रोलर फिरवला. तवा दोघांचं धरा."

खंडूने ज्ञानदेवांकडे जे पाहिले, त्या नजरेची धार लिहिणारास वर्णिता येत नाही.

मास्तरांनी साळूबाईस पुसले की, बाई, काय शिक्षा करावी? दगडोबा पुढे सरकून बसले. साळूबाई म्हणाली, "ह्यास्नी घरी बसवून माझा कांदा भिजतोय का? माझं पानी द्या. न्हाईतर मास्तर, तुमचं कलम तुमच्या वहीत आन् माझा कांदा चुलीत."

तेव्हा मास्तरांनी हुकूम फर्माविला तो असा: आयतवारी दुपारी दोनपासून खंडूच्या बापाची पाळी आहे, ती साळूबाईस द्यावी. खंडू व ज्ञानदेव या दोघांनी स्वतः दारे धरून अठ्ठावीस वाफे भरून द्यावेत. शेवटचा वाफा भरेतो दोघेही बाद. भरला की दोघेही मोकळे, मग हवे तर मैदानात उतरावे. पाणी लवकर चालले तर त्यांचे नशीब. कासुर्डीने तोवर पाच गड्यांनिशी लढावे.

आयतवारी दोन वाजता मोहिमेने कूच केले. सरंजाम: खोरी दोन, धोतरांचे काचे दोन, आणि बोलणे शून्य. खंडू चारीच्या तोंडाशी, ज्ञानदेव वाफ्यांच्या शेवटाला. आता दारे धरण्याची रीत अशी की, पाणी वाफ्याच्या टोकाला पोचले की टोकावरच्याने "भरला!" म्हणोन आरोळी द्यावी, मग तोंडावरच्याने एक दार बुजवोन पुढचे फोडावे. न बोलता हे काम होत नाही. पहिला वाफा भरला आणि ज्ञानदेवांनी आरोळी दिली, "भरला!" खंडूने ऐकिले नाही, म्हणजे ऐकिले आणि ऐकिले नाही. पाणी बांधावरून उतू जाऊ लागले.

"भरला की रं!"

"कळलं," खंडू गुरगुरला. चोवीस तासांत तो पहिला शब्द.

साळूबाई बांधावर बसून प्रत्येक वाफ्यात पायाचे बोट खुपसून पाहत होती. "ह्यो कोपरा कोरडा हाय, सेनापती. खोऱ्यानं वढ की जरा, भुवया काय पुसतोस?" आणि मग पाणी ढेकळांशी झुंजत, भेगांत दडत, एकेक वाफा घेत पुढे सरकले. दहा वाफे, पंधरा वाफे. भीमेकाठच्या फौजांनी मुलूख घेतले असतील, पण वाफ्याचा कोपरा घेणे सोपे नव्हे.

चार वाजले. मैदानातल्या लिंबावर बांधलेला कर्णा अर्ध्या मैलावरून बोलू लागला: कोरेगाव चार, कासुर्डी एक. कोरेगाव अकरा, कासुर्डी पाच. प्रत्येक आकडा ज्ञानदेवांच्या बरगडीत बसे. चोविसावा वाफा भरला तेव्हा कर्णा ओरडला की, कोरेगाव एकोणीस, कासुर्डी दहा.

साळूबाई उठली. "जावा लेकरांनो, ऱ्हायलेलं चार मी धरते. कांदा जगला माझा. मी मास्तरला सांगते."

ज्ञानदेवांनी खोरे खाली ठेविले. खरेच ठेविले. परंतु खंडू हलला नाही.

"उचल खोरं," खंडू म्हणाला. "ठराव अठ्ठावीसचा हाय. चार वाफ्यांपायी त्यो दगडोबा मरंस्तवर माझ्या नावानं बोंबलंल. आन् मावशी, तुमी बसा बरं. आता कुठं दारं धरायला जमाया लागलंय."

मग त्या दोघांनी जे युद्ध केले! पंचवीस, सव्वीस, सत्तावीस. "भरला!" "फोडलं!" "भरला!" "फोडलं!" अठ्ठाविसाव्याच्या टोकाला पाणी भिडले, साळूबाईने बोट खुपसले, मान डोलाविली, आणि दोघे वीर चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेले तसेच बांधाबांधाने दौडत सुटले.

मैदानात पोचले तो खेळाची सात मिनिटे बाकी. दगडोबांनी तत्काळ हरकत घेतली की, चिखलाचा पाय पकडीत कसा धरावा, निसटून जाईल. पंचांनी हरकत मान्य केली आणि पाय धुवा असा हुकूम केला. पाय धुण्यात दोन मिनिटे गेली. उरलेल्या पाचांत खंडूने चार चढाया केल्या आणि गनिमाची दाणादाण उडविली. अखेरच्या चढाईत कोरेगावच्या चौघांनी मिळून त्यास रेषेच्या हातभर अलीकडे दाबून धरिले, तो ज्या मातीत पडला ती मऊ होती, आणि शिट्टी वाजली. कोरेगाव चोवीस, कासुर्डी बावीस. ढाल कोरेगावी गेली. लिहिणाराने येथे काही लपविलेले नाही.

परंतु त्याच सांजेस सावळाराम मास्तरांनी साखळीच्या वहीत पहिल्या कलमाखाली स्वहस्ते दुसरे कलम लिहिले: खेळाडूने मैदानाबाहेर कोणाचे बिघडविले तर आधी ते स्वतःच्या हाताने नीट करावे, मग मैदानात उतरावे, ज्याने पाहून झाकिले, त्यानेही बरोबरीने राबावे. खाली बारा गावांच्या सह्या. दगडोबांनीही केली, जरा हळू केली. आणि माघ मासी, आयतवारी, अठ्ठावीस वाफे पूर्ण भिजले, कांदा उठला, साळूबाईची फत्ते जाहली, ऐसे त्या वहीत रीतसर नमूद आहे.

माणसे पांगली. खंडू आणि ज्ञानदेव मैदानाच्या कडेला चिंचेखाली गुडघे झाडीत बसले होते.

"दोन गुणांनी गेली रं," खंडू म्हणाला.

"व्हय."

"आन् तू सगळ्या ओट्यादेखत बोललास. माझ्याकडं बघितलं बी न्हाईस."

ज्ञानदेव म्हणाले, "बघितलं असतं तर बोलायला झालं नसतं."

"म्हंजी फुडं कवा असंच झालं तर परत बोलशील?"

"बोलीन," ज्ञानदेव म्हणाले. "पर शब्द देतो खंडू, आधी तुझ्या घरी यीन, तुला सांगीन, आन् मंग दोघं मिळून मास्तरांकडं जाऊ."