झाडाला कान लावणारी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर आंब्याच्या खोडातून अळी ओढली. मी तार धरली होती, सगुणा उंबऱ्यावर बसून शिव्या घालत होती. अळीला का मला, ते विचारलं नाही.

सगुणा म्हणजे माझी बायको. झाडाला कान लावून उभी राहायची, म्हणून अख्खं कराड तिला ओळखायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत कुठल्याशा लाकडी खोक्यांतून भिरूड किडा गावात आला, असं लोक म्हणत. नदीच्या घाटाकडं जाणाऱ्या आमच्या रस्त्याचे आंबे त्यानं आतून पोखरायला घेतले. नगरपालिकेनं दवंडी पिटली, आपापल्या दारापुढचं झाड ज्यानं त्यानं सांभाळावं. भोकात तार घालून अळी काढावी, रॉकेलचा बोळा कोंबावा, वर चिखल लिंपावा. दर गुरुवारी नगरपालिकेचा ओव्हरशिअर बघणार. बुंध्याशी अळीनं पाडलेला ताजा भुसा दिसला, की झाड तोडणार.

रॉकेल रेशनवर. आमच्या वाट्याचं सगळं आंबाच प्यायचा. दिवेलागणीच्या आत आम्ही जेवून घ्यायचो. मी कुरकुरलो, तर म्हणाली, "घास घालाय कंदील कशाला? तोंड काय जागचं हलतंय व्हय?"

एकदा वरात आली. पुढं बँड, मागं घोड्यावर नवरदेव. ही खोडाला कान लावून उभी. हात वर केला आणि म्हणाली, "गप ऱ्हावा जरा. आत खातंय."

बँड थांबला. नवरदेव ताटकळला. नवरदेवाचा चुलता फौजेतनं आलेला. तो हळूच मला म्हणाला, "आमचा सुभेदार बी एवढा कडक न्हवता गड्या."

पुढं तिला ताप आला. झाडापर्यंत जाववेना. रोज सकाळी उंबऱ्यावरनं विचारायची, भुसा पडलाय का. पडलेला असायचा. पण ती जागी व्हायच्या आत मी तो झाडून टाकायचो आणि तोंड वर करून 'न्हाई' म्हणायचो.

त्या बुधवारी अळी काढून झाल्यावर ती बुंध्याकडं बघत बसली.

"आवं, चाळीस वर्सांत खराटा धरला न्हाई तुमी. भुसा झाडलाय खरा, पर कचरा सगळा आपल्याच पायाकडं वढलाय."

मी तार पुसायला घेतली.

"सायेब फसंल. झाड फसतंय व्हय? आजून एक हाय आत. कान लावा."

मी म्हणालो, उद्या लावतो. त्याच रात्री ती गेली.

गुरुवारी सकाळी दारात माणसं जमली. बायका रडत होत्या. ओव्हरशिअर कुऱ्हाडवाल्याला घेऊन आला आणि गर्दी बघून लांबच उभा राहिला. बुंध्याशी ताजा भुसा पडला होता. खराटा तिथंच, हाताशी होता.

मी तार आणि रॉकेलची बाटली उचलली. सगळ्यांच्या देखत खोडाला कान लावला. रडण्यात काही ऐकू येईना.

"गप ऱ्हावा जरा," मी म्हणालो. "आत खातंय."

सगळे गप झाले. कुऱ्हाडवाल्यानंसुद्धा कुऱ्हाड खाली टेकली. मग मी तार आत घातली.