मगदूमांचा एका सेकंदाचा फोटो

मगदूम कुटुंबाचा एका सेकंदाचा फोटो १९८३ सालच्या वीस मे रोजी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी सुरू झाला, आणि एकेचाळीस वर्षे झाली तरी तो चालूच होता.

कारण अगदी साधे होते. जुन्या कॅमेऱ्यात एक सेकंद मोजायला चार-पाच दातेरी चाकांची चिमुकली जोडणी असते. तिच्यातले तेल वाळले की गोंदासारखे चिकटते, चाके अडकतात आणि उघडलेले शटर मिटत नाही. मी साखर कारखान्यात फिटर होतो. निवृत्त झाल्यापासून जुने कॅमेरे जमवतो, दुरुस्त करतो, आणि रोल घालून त्यांनी फोटोही काढतो. हा दोष मी पन्नासेक कॅमेऱ्यांतून काढला असेल. लायटरच्या पेट्रोलचे चार थेंब लागतात. चार थेंबांवाचून पाच माणसे घराच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, खिळून बसली, हे आठवले की आजही माझे डोके फिरते.

फोटो काढायची हौस आप्पांची, म्हणजे बाळगोंडा मगदूमांची. रस्ता रुंद करायचा म्हणून नगरपालिकेने त्यांना तीस दिवसांत घर रिकामे करायची नोटीस दिली होती. घर जाण्याआधी घरातच एक फोटो हवा, असे त्यांनी ठरवले. खुर्चीवर आप्पा, शेजारी आक्काताई, मागे जिनगोंडा आणि भूपाल हे दोन मुलगे, आणि कडेला एकोणीस वर्षांची त्रिशला. त्रिशलाला मिरजेच्या नर्सिंग शाळेत जागा मिळाली होती आणि तिला अडीचची एसटी धरायची होती. पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. आप्पा म्हणाले, एका सेकंदाचं तर काम आहे. सोप्यात उजेड कमी, म्हणून नदाफ फोटोवाल्यांनी कॅमेरा तिकाटण्यावर लावला, हलू नका म्हणाले आणि बटण दाबले.

शटर मिटले नाही. नदाफ संध्याकाळपर्यंत थांबले. मग त्यांना शेजारच्या गावात लग्नाची ऑर्डर होती. शटर मिटेपर्यंत हलू नका, नाहीतर फोटो हलेल, असे बजावून ते गेले ते पुन्हा आलेच नाहीत. पुढे ते वारले. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मी बोलतो. यंत्र अडकवून ठेवायचे आणि दुसऱ्या ऑर्डरला जायचे, हे कारखान्यात कुणी केले असते तर त्याला मी गेटाबाहेर काढले असते.

जिनगोंडाची बायको राजमती तेव्हा बाळंतपणाला माहेरी होती, म्हणून ती फोटोत नव्हती. ती तान्ही मुलगी घेऊन परत आली आणि या पाचांचे सगळे तिच्यावर पडले. दोन वेळा ती भिंगापुढे पुठ्ठा धरायची. पुठ्ठा आहे तोवर जेवण, अंघोळ, पाय मोकळे करणे. पुठ्ठा निघायच्या आत प्रत्येकजण जिथल्या तिथे. झोप जागच्या जागी. तिची मुलगी शिकली, लग्न होऊन इचलकरंजीला गेली. बापाने तिला एकदाही कडेवर घेतले नव्हते. पुठ्ठ्याच्या वेळेत जिनगोंडा आधी जेवून घ्यायचा.

नगरपालिकेने ठराव केला की फोटो चालू असताना गेलेला काळ धरला जाणार नाही. त्यामुळे कागदोपत्री मगदूमांच्या घरात अजून वीस मे होता आणि नोटिशीचे तीस दिवस पुढे सरकत नव्हते. रस्ता त्यांच्या दारापाशी येऊन थांबला. आप्पांनी नव्वदी ओलांडली होती आणि ते खुर्चीत मजेत होते.

मजेत नव्हती ती त्रिशला. १९९१ साली तिने एकदा पुठ्ठ्याच्या वेळेत पिशवी उचलून स्टँड गाठला होता. कंडक्टर सभ्य माणूस होता. त्याने नगरपालिकेच्या नोंदींची यादी पाहिली आणि सांगितले की तुम्ही नोंदीप्रमाणे घरी सोप्यात उभ्या आहात, तुमचे तिकीट कसे फाडू? ती परत येऊन आपल्या जागी उभी राहिली. शटर मिटल्याशिवाय तिची सुटका नव्हती, हे तिला त्या दिवशी कळले.

आमच्या जुने कॅमेरे संग्राहक मंडळाला हे सगळे माहीत होते. मंडळाने काय केले? कॅमेऱ्याभोवती मखमली दोरी बांधली आणि ‘मूळ स्थितीत’ अशी पाटी लावली. आमच्या अध्यक्षांच्या कपाटात साठ कॅमेरे आहेत आणि त्यांनी जन्मात एक रोल धुतलेला नाही. रविवारी हे लोक यायचे, कॅमेऱ्याचे मोबाईलवर फोटो काढायचे आणि समोरच्या पाच माणसांना जरा बाजूला होता का म्हणून विचारायचे. मी बैठकीत दुरुस्तीचा विषय काढला तेव्हा अध्यक्ष म्हणाले की आत हात घातला तर कॅमेऱ्याची किंमत निम्म्यावर येईल. मी त्याच बैठकीत राजीनामा दिला आणि चहाही घेतला नाही.

मग नगरपालिकेत अर्ज केला. तिथले कारकून कोळेकर यांनी तो शांतपणे वाचला. चालू फोटोत दुरुस्ती करायची तर कुटुंबप्रमुखाची संमती लागते, असे त्यांनी सांगितले. फोटोतल्या बाईची संमती चालत नाही का, असे मी विचारले. ते म्हणाले, बाई कडेला उभ्या आहेत.

आप्पांपुढे मी कागद धरला. ओठ न हलवता बोलायची त्यांना सवय झाली होती.

“शटर मिटलं की नोटीस चालू होतीया,” ते म्हणाले. “घर जाईल.”

“आणि त्रिशलाताई?”

“ती कुठं जातीया? हितंच हाय की.”

मी त्रिशलाकडे पाहिले. केस पांढरे, पाय सुजलेले, नजर भिंगावर. ती हलली नाही. फक्त म्हणाली, “भाऊ, त्यांना काय इचारता? मला इचारा.”

मी विचारले. ती हो म्हणाली. एवढी संमती मला पुरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी राजमतीवहिनींनी पुठ्ठा धरला आणि मी मखमली दोरी कापली. वेगाच्या खाचेतून पेट्रोलचे चार थेंब सोडले. राग होता, म्हणून पाचवाही सोडला. थोड्या वेळाने आतून चाकांची घरघर ऐकू आली आणि शटर मिटले. बारीक आवाज होता, पण आक्काताईंच्या हातातली भाकरी खाली पडली.

मग आप्पांनी घसा खाकरला.

“फिटर, कुणाचं तरी डोळं मिटलं असत्याल. आणखी एक काढा.”

आणि माझ्या डोळ्यांदेखत ती माणसे परत जागेवर गेली. आक्काताईंनी पदर सारखा केला. जिनगोंडा आणि भूपाल खुर्चीमागे उभे राहिले. एकालाही दारातून बाहेर डोकावून पाहावेसे वाटले नाही. माझ्या तोंडात शिवी आली होती, ती मी आक्काताईंसाठी गिळली.

“त्रिशला, जाग्यावर ये,” आप्पा म्हणाले. “एस्टीला टाइम हाय.”

त्रिशला त्यांच्याकडे न जाता कॅमेऱ्याच्या मागे आली. तिने पहिल्यांदाच तो मागून पाहिला. एक सेकंदाखेरीज यात आणखी काय असते, असे तिने मला विचारले. मी सांगितले की ‘बी’ नावाची एक खूण असते. तिच्यावर ठेवले की बटण दाबून धराल तितका वेळ शटर उघडे राहते. बटणाला वायर जोडली आणि तिचा स्क्रू आवळला तर दाबूनही धरावे लागत नाही. माझ्याकडे वायर होती. तिने मागितली, मी दिली.

तिने सगळे नीट केले. वेगाचे कडे ‘बी’वर आणले, वायर जोडली, रोल पुढे सरकवला, शटर ताणले. समोर चौघे ताठ होते. राजमतीवहिनींनी पुठ्ठा काढला.

“सोडल्याबगर हे मिटत न्हाई न्हवं?” तिने मला विचारले.

“नाही.”

तिने वायर दाबली, स्क्रू फिरवला, पिशवी उचलली आणि ती गेली. आप्पांना दार दिसत नव्हते. त्यांना वाटले, ती कडेला उभी आहे.

नोंदीप्रमाणे त्या वेळी वीस मेचे दोन वाजून दहा मिनिटे आणि एक सेकंद झाला होता. एसटी तिला सहज मिळाली. मिरजेच्या शाळेने दाखला पाहून एकोणीस वर्षांची म्हणून तिला घेतले. फक्त पायात बूट हवेत असे सांगितले. कोळेकरांनी नवीन फोटोची नोंद केली: व्यक्ती चार, घर एक, नोटीस स्थगित.

ती गेली तेव्हा मी सोप्यात हत्यारे गोळा करत होतो. तेवढ्यात त्रिशला गेली आणि आता हे शटर आपोआप मिटणार नाही, हे जिनगोंडाच्या लक्षात आले. आप्पांना ऐकू जाऊ नये अशा बेताने, ओठ न हलवता तो बोलू लागला.

“फिटर, तेवढा स्क्रू ढिल्ला करा. आन् राजमती, पुठ्ठा धर.”

राजमतीवहिनी उठल्या. त्यांनी पुठ्ठा उचलला, मधोमध मोडला आणि चुलीशी ठेवला. मग त्या आतल्या खोलीत गेल्या. मला फडताळ उघडल्याचा आणि लोखंड शोधल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात पकड होती.

“हातानं आवळलंय वन्संनी,” पकड माझ्या हातात देत त्या म्हणाल्या. “अजून दोन आटं बसत्याल बघा.”

तीन बसले.